सात पायऱ्या आणि हिरवा चुडा

फार पूर्वी एका बाजारपेठेत असा नियम होता, की प्रत्येक दुकानाला सात पायऱ्या हव्यात आणि त्याबद्दल कुणी 'का?' म्हणून विचारायचं नाही. वडीलधारे सांगत, "पायऱ्या जास्त असल्या की लक्ष्मीला उतरायचा कंटाळा येतो. ती दुकानातच राहते."

एका मुलीने लहानपणीच विचारलं होतं, "मग ती चढते तरी कशी?" उत्तराऐवजी तिला धपाटा मिळाला.

त्या मुलीचे पाय चालत नसत. सुताराने करून दिलेल्या चाकांच्या खुर्चीवरून ती गावभर भटके. फक्त दुकानांपाशी तिला थांबावं लागे. एके वर्षी तिच्या बहिणीचं लग्न ठरलं. घरातल्या साऱ्या बायका चुडा भरायला कासाराच्या दुकानात चढल्या. वर हसण्याखिदळण्याचा नुसता कल्लोळ, आणि ही खाली रस्त्यावर.

कासार वरून ओरडला, "ताई, मनगटाचं माप सांगा, बांगड्या खाली पाठवतो!"

"नुसत्या बांगड्या नकोत, भाऊ. मला नवरीशेजारी बसून भरायच्यात."

हे ऐकून नवरीनेही हात मागे घेतला. "ताई वर येईल तेव्हाच मी चुडा भरेन." लग्न आठ दिवसांवर आलेलं. कासाराला घाम फुटला.

राजाचा कायदा होता: दुकान मांडलं, की कुठल्याही गिऱ्हाइकाला आत येता आलं पाहिजे. मुलीने त्याच्या आधारावर पंचांकडे तक्रार केली. दुसऱ्याच दिवशी चावडीतून पुकारा झाला, "तक्रारदार हजर आहे का?"

"हजर!" खालून आवाज आला.

"मग वर ये, पोरी."

"आजोबा, तीच तर माझी तक्रार आहे!"

गर्दी खो खो हसली. शेवटी पंचच काठ्या टेकत, एकमेकांचे खांदे धरत खाली उतरले.

कासार म्हणाला, "चार गडी लावून हिला उचलून नेतो. मग तर झालं?"

"मी गिऱ्हाईक आहे, ज्वारीचं पोतं नाही."

मोठ्या पंचांनी मागे वळून चावडीच्या पायऱ्या पाहिल्या. आता त्या पुन्हा चढायच्या होत्या. गुडघा चोळत ते म्हणाले, "उतार बांधा. आधी चावडीला."

"आधी कासाराला," मुलगी म्हणाली. "लग्न तुमचं नाही, आजोबा."

चार दिवसांत फरसबंद उतार तयार झाला. मुलगी सरसर वर गेली आणि नवरीला खेटून बसली. दोघींचे हात कोपरापर्यंत हिरवेगार झाले. तिच्या मागोमाग गावातल्या म्हाताऱ्या आल्या, दिवस भरलेल्या लेकी आल्या, कडेवर पोरं घेतलेल्या आया आल्या. कासाराला पाणी प्यायलाही फुरसत मिळेना.

तेवढ्यात पंच पाथरवटाला घेऊन आले. मोठे पंच म्हणाले, "इथे दगड बसवू: 'पंचांच्या कृपेने'. पोरी, त्याला कुंकू लाव आणि आमच्या पाया पड."

"वडीलधारे म्हणून लग्नात पाया पडेन, आजोबा. इथे नाही," मुलगी म्हणाली. "यात कृपा कसली? हा कायदा माझ्या जन्माआधीचा. तो पाळायला तुम्हाला उशीर झाला. या दगडाला मी कुंकू लावणार नाही."

पाथरवटाने छिन्नी खाली ठेवली. पंच काठ्या टेकत चावडीकडे परतले.

तात्पर्य: ज्याचं त्याला देताना उपकाराचा आव आणू नये, आणि आपल्या हक्काचं घेताना मान खाली घालू नये.