चिमणी होडी आणि मतलई वारा

खाडीत लाँची नव्यानं यायला लागल्या होत्या, तेव्हाची ही गोष्ट. खाडीच्या तोंडाशी एक चिमणी होडी राहायची. तिच्या पोटात एक म्हातारं वल्हं निजलेलं असायचं.

एका पहाटे जमिनीकडून समुद्राकडे जाणारा मतलई वारा आला. "ये गं भाची, तुला झुलवतो," म्हणाला. हात त्याचा इतका हलका, की होडीला वाटलं, आपण जागच्या जागीच झुलतोय.

वल्हं जागं झालं नि ओरडलं, "अगं बये, किनाऱ्यावरचे माड बघ, काडीएवढे झाले!"

तेवढ्यात एक लाँच धडधडत गेली, मागं ही थोरली लाट सोडून. होडी भिऊन आडवी व्हायला लागली.

"कूस देऊ नकोस, उलटशील! लाटेला तोंड दे," म्हणत वल्ह्यानं तिचं नाक वळवलं. होडी थरथरत लाटेवर चढली नि पलीकडे उतरली. मग वाऱ्याशी झुंजत, दमत दमत दोघं किनाऱ्याला लागली.

वारा हिरमुसला. "रागावलीस? मी तर लाडच करत होतो गं."

"लाड कळतात, मामा," होडी म्हणाली. "पण तुम्ही कुठंही गेलात तरी चालतं. मला घरी यायचं असतं."