गच्चीवरची अंथरुणं

महायुद्धाच्या तिसऱ्या उन्हाळ्यात इराणच्या एका बंदरातले लोक इंग्रजांच्या पहाऱ्याला विटून गेले होते. त्यात त्यांच्या कप्तानाने हुकूम काढला, "गच्चीवर कुणी झोपायचं नाही. तिथून शत्रूला खुणा होतात." घरं भट्टीसारखी तापलेली, लेकरं तापाने फणफणलेली. शेवटी म्हातारी सुईण गुलअंदाम कप्तानापुढे जाऊन उभी राहिली.

"साहेब, गच्चीवर आम्ही कूस बदलली तरी तुमच्या दुर्बिणीला दिसतं. आता सगळं गाव भिंतीआड कोंडलंत. आत कोण काय शिजवतंय, ते कुठल्या दुर्बिणीतून बघणार?"

कप्तानाने दुर्बीण उचलून बंद घरांच्या भिंतींवरून फिरवली. मग त्याने हुकूम मागे घेतला.

संध्याकाळी अंथरुणं गच्चीवर चढली. तापलेल्या नातीशेजारी आडवी होत गुलअंदाम म्हणाली, "बघू दे मेल्याला. तू झोप."