चुन्याची पणती

फार पूर्वी एका राज्यात जमिनीतून काळं, जळणारं तेल वर आलं. तिथे एका परदेशी सौदागराने विहीर खणली आणि गलबतं भरभरून तेल नेलं. पुढे नवा राजा गादीवर आला. त्याने दवंडी पिटवली, "आजपासून विहीर प्रजेची!" सौदागर खवळला. त्याची लढाऊ गलबतं बंदराच्या तोंडाशी येऊन उभी राहिली.

समेट घडवायला एका तरुण मध्यस्थाला बोलावलं. तो दूरदेशी शिकून नुकताच मायदेशी परतला होता. न्यायावर त्याची फार श्रद्धा. विहिरीपाशी तंबू ठोकून तो वीस दिवस दोघांची मनधरणी करत बसला. अखेर ठरलं: विहिरीची मालकी राजाची, व्यापार सौदागराचा. दोघांनीही मान डोलावली. मध्यस्थाला वाटलं, आपलं शिक्षण सार्थकी लागलं.

उरली फक्त रीत. त्या देशात मध्यस्थाने करारावर मोहोर उठवण्याआधी सर्वांत जवळच्या घरातला पेटता दिवा साक्षीला ठेवत. प्रधान म्हणाला, महालातून चांदीचा दिवा मागवू. मध्यस्थाने ऐकलं नाही. रीत म्हणजे रीत, असं म्हणून तो स्वतः निघाला.

पन्नास पावलांवर एक झोपडी होती. दारात एक बाई विड्याचं पान जमवत बसली होती.

"बाई, घरातला दिवा पेटवून द्याल का?"

"दिवा हाय," बाई म्हणाली, "पर त्यात मी चुना ठेवते."

"आणि तेल?"

"त्ये कुठलं?"

त्याने विहिरीकडे बोट दाखवलं. "ही काय, तुमच्या दारात."

"दारात हाय, पर उंबऱ्याच्या आत कधी आलं न्हाई, दादा. आदी सौदागराचे शिपाई हाकलायचे, आता राजाचे हाकलत्यात. पागोट्याचा रंग बदलला, येवढंच."

तो शेजारच्या घरात गेला. मग त्याच्या पुढच्या. साऱ्या वस्तीत पेटेल असा एक दिवा नव्हता. करारात पानोपानी 'प्रजा' हा शब्द त्याने स्वतःच्या हाताने लिहिला होता, आणि वीस दिवसांत तो पन्नास पावलंही चालला नव्हता.

मागून प्रधान चांदीचा दिवा घेऊन धावत आला. "हा घ्या, पंडित. कोणाला कळतंय? गलबतांवरच्या तोफा भरून तयार आहेत."

मध्यस्थाने बाईकडून पणती मागून घेतली आणि चुन्यासकट राजा-सौदागरापुढे ठेवली.

"हा जवळच्या घरातला साक्षीदार. पेटत नाही. हा पेटेपर्यंत मी मोहोर उठवणार नाही."

सौदागर हसला, म्हणाला, माझा कंदील घ्या. राजाने पणती उचलली. बोटांना लागलेला चुना तो बघत राहिला. त्याचा चेहरा उतरला होता. दवंडी त्याचीच होती.

त्याने विहिरीवरचा पहारा उठवला आणि तेल काढायला पोहरा मागवला. करारात पहिलं कलम नवं आलं: तेल आधी वस्तीला, मग गलबतांना. सौदागर कुरकुरला, पण दिव्यावाचून करार नाही आणि करारावाचून तेल नाही, हे त्यालाही कळत होतं.

धुतलेली पणती धुरकटत पेटली. मोहोर उठली. तोफा न डागता गलबतं मागे फिरली.

"समदं खरं," बाई म्हणाली, "पर आता मी चुना कशात ठिवू?"

मध्यस्थाने आपल्या मोहोरेची चांदीची डबी रिकामी केली आणि तिच्या हातावर ठेवली.

तात्पर्य: ज्यांच्या नावाने निवाडा करायचा, त्यांच्या उंबऱ्याच्या आत आधी जाऊन यावं.