खालच्या ओळीची घाई

एका नदीकाठच्या गावात लिंगाप्पाशेट नावाचे गुळाचे व्यापारी होते. शाळेची पायरी ते कधी चढले नाहीत. अक्षरे शिकले ती पोत्यांवरची, डब्यांवरची आणि पुड्या बांधायच्या रद्दीवरची. एकदा रद्दीतली गोष्ट मध्येच फाटलेली निघाली, तेव्हा पुढचा कागद सापडेपर्यंत त्यांनी अख्खा गठ्ठा उपसला. समोरचे गिऱ्हाईक तोवर दुसऱ्या दुकानातून माल घेऊन घरी पोचले होते.

त्यांची नात गिरिजा चौथीत होती. गावची शाळा चौथीलाच संपत असे. पुढे शिकायचे तर तालुक्याची निवासी शाळा, आणि तिथे या गावासाठी जागा एकच. परीक्षा साधी होती. कधी न पाहिलेली एक गोष्ट वाचायची आणि तिच्याविषयी लिहायचे. जागा मिळाली तर गिरिजा शिकणार, नाहीतर तिच्या दोन्ही आत्यांसारखी घरी बसणार. म्हणून शेटनी पंधरा दिवस आधीपासून दुकानाच्या गादीवर तिची उजळणी सुरू केली.

पहिल्याच दिवशी त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. गिरिजाने पुस्तक उघडले, बोट थेट पानाच्या तळाशी नेले आणि म्हटले, "तात्पर्य: अति लोभ करू नये. झालं, आज्जा. पुढची काढू?"

"लोभ कुणी केला?"

"केला असंल कुणीतरी."

"अगं, पण काय केलं त्यानं?"

"ते वर असतंय."

"मग वर वाच की!"

"वर कशाला? गुण खालच्या ओळीला असतात. गुरुजींनीच सांगितलंय."

शेट तणतणत शाळेत गेले. गुरुजी सुपारी कातरत निवांत बसले होते.

"शेट, काळजी सोडा. चाळीस तात्पर्यं पाठ करून घेतलीत. एकेचाळिसावं या जगात नाही. कुठलीही गोष्ट येऊ दे, त्यातलं एक बसतंच."

"बसायला काय, माझी टोपी तुमच्या रांजणावरही बसेल!"

गुरुजी हसले. "गुळातलं तुम्हाला कळतं, शाळेतलं आम्हाला कळू द्या."

शेट परतले. त्यांनी समजावून पाहिले, रागावून पाहिले, शेवटी गूळ-शेंगदाण्यांचे आमिष दाखवले. गिरिजाने शेंगदाणे संपवले आणि खालची ओळ वाचली. चौथ्या दिवशी शेटनी कात्री घेतली आणि पुस्तकातल्या सगळ्या खालच्या ओळी कापून टाकल्या. आता तरी पोर वर बघेल!

पोरीने आधी भोकाड पसरले. मग डोळे पुसले, पानाचा आकडा पाहिला आणि म्हणाली, "पान बावीस. एकीचे बळ मोठे."

शेटनी हातच जोडले. "बाई गं, जागा जाईल ना तुझी!"

नेमका तेव्हाच हमाल तायाप्पा दारात आला. गुळाच्या साठ ढेपांची गाडी आली होती. आता, लिंगाप्पाशेटांच्या घराण्याची एक रीत होती. गूळ कुणाचाही असो, एक ढेप फोडायची, खडा जिभेवर ठेवायचा, आणि मगच माल उतरवायचा. वडिलांपासून एकदाही ती मोडली नव्हती.

"शेट, ढेप फोडू का?"

"शिक्का कुणाचा?"

"वरच्या गुऱ्हाळाचा. नेहमीचाच."

"मग उतरून घे! इथं माझं डोकं फिरलंय."

"आज्जा, चाखला नाही," गिरिजा म्हणाली.

"तू पुस्तकात बघ!"

दुसऱ्या दिवशी सकाळीच पहिले गिऱ्हाईक ढेकूळ परत घेऊन आले. "शेट, पाहुण्यांपुढं चहा ठेवला. एका घोटात पाहुणे उठले! हा गूळ आहे की मीठ?"

शेटनी खडा तोंडात टाकला आणि तसाच थुंकला. गूळ खारट होता. गुऱ्हाळवाल्याला बोलावणे धाडले. तो बिचारा खरे तेच बोलला. "यंदा ऊस खारवट रानातला आहे, शेट. तुम्ही चाखूनच घेता, म्हणून मी वेगळं काही बोललो नाही."

शेट खांबाला टेकून बसले. गिरिजाने एक खडा चाटून पाहिला, तोंड वाकडे केले आणि ढेपेवरचे फडके न्याहाळले.

"आज्जा, शिक्का तर तोच आहे की!"

शेटनी ओरडायला तोंड उघडले. चूक ढकलायला गुऱ्हाळवाला होता, तायाप्पा होता, ही पोर तर समोरच होती. पण मग ते तोंड त्यांनी मिटले.

"चुकलो, गिरजे," ते म्हणाले. "तुझ्यावर चार दिवस ओरडलो आणि मीही खालचीच ओळ वाचली."

गिरिजा त्यांच्याकडे बघत राहिली. मोठ्या माणसाने चुकलो म्हटलेले तिने कधी ऐकले नव्हते. "मग आता?"

"आता मी ढेप फोडल्याशिवाय माल घेणार नाही. तू गोष्ट फोडल्याशिवाय बोलायचं नाही. पटलं?"

पटले. पण पटल्याने लगेच जमते असे थोडेच आहे? रद्दीतले कागद वाचताना गिरिजा जांभया द्यायची, जोडाक्षराला अडायची, मध्येच "आता खालची ओळ सांगू?" म्हणायची, आणि शेटचा हात पुन्हा कपाळाकडे जायचा. तरी ते विचारत एवढेच, "पुढं काय झालं?" दहाव्या दिवशी एक कागद अर्ध्यात फाटलेला निघाला. त्या दिवशी गिरिजानेच सगळा गठ्ठा उपसला.

परीक्षेच्या दिवशी शेट तालुक्याच्या शाळेबाहेर लिंबाखाली उभे राहिले. गावची बाकीची चार मुले थोड्याच वेळात बाहेर आली.

"दोन दोरांची गोष्ट होती. एक जुना, एक नवा. मी लिहिलं, जुने ते सोने!"

"मी लिहिलं, एकीचे बळ. दोरात धागे असतात ना!"

मुलांना घेऊन आलेले गुरुजी खुलले. "बघा शेट, कशी पटापट सुटली माझी पोरं!"

शेटनी मान उंचावून दाराकडे पाहिले. गिरिजा आलीच नव्हती. ती आली सगळ्यांत शेवटी, बोटे शाईने माखलेली.

"काय झालं गं गोष्टीत?"

"एका माळ्याकडं दोन दोर होते, आज्जा. नवा तो पाहुण्यांना दाखवायला खुंटीवर टांगून ठेवायचा. जुन्यानं पाणी काढायचा. एक दिवस विहिरीत वासरू पडलं. जुना दोर तुटला. मग नवा काढला, तर तो टांगून टांगूनच कुजलेला! मी लिहिलं, नुसतं दाखवायला ठेवलेलं वेळेला कामी येत नाही. चाळिसात नव्हतं ते."

शेटचा जीव अडकला होता भलतीकडेच. "आणि वासरू? निघालं का वर?"

"ते लिहिलंच नाही त्यात! मी दोनदा शोधलं. म्हणून तर उशीर झाला."

निकाल लागायला आठ दिवस होते. शेट थांबले नाहीत. तिथूनच बाजारात जाऊन त्यांनी गिरिजासाठी पत्र्याची पेटी घेतली. घेताना मात्र झाकण उघडून, कडी वाजवून, आत डोके घालून पाहिले. आठवड्याने पत्र आले. जागा गिरिजाला मिळाली होती.

तात्पर्य: शिक्क्यावरून गुळाची चव कळत नाही आणि खालच्या ओळीवरून गोष्ट कळत नाही, आधी नीट चाखावे, मग बोलावे. आणि तुम्ही थेट याच ओळीवर आला असाल, तर कृपा करून वर जा.