अस्वल खार झालं तेव्हा

फार पूर्वी एका रानातले प्राणी दर आठवड्याला मोहाच्या झाडाखाली नाटक करत. संवाद आधी ठरलेले नसत. ज्याला जे सुचेल ते तो बोले. खार मात्र दर वेळी मध्येच झाडावर पळून जाई.

एकदा अस्वल चिडून म्हणालं, "तुला आमची संगत नकोच असते. पुन्हा येऊ नकोस."

"नाही येणार, अस्वलदादा. पण आज तुम्ही खार व्हा."

अस्वल हसत मधोमध बसलं. खारीने बाकीच्यांना कामं वाटून दिली. कोल्हा अस्वलाशी बोलू लागला. त्याच वेळी माकडाने अस्वलाच्या कानाशी वाळल्या शेंगा वाजवल्या, मोराने तोंडासमोर पिसारा हलवला आणि ससा पाठीवर गवताची काडी फिरवत राहिला.

"कोल्हा काय म्हणाला?" खारीने विचारलं.

"कसं कळणार?" असं ओरडून अस्वल झाडाआड पळालं. जरा वेळाने परत येऊन त्याने विचारलं, "तुला दर वेळी असं होतं?"

"हो. वर शांत वाटलं की मी परत येते, पण तोवर नाटक संपलेलं असतं."

"मग आम्ही थांबत जाऊ," अस्वल म्हणालं.

तेवढ्यात कासव बोललं. नाटकात ते आजवर एकदाही बोललं नव्हतं. ते हळूच म्हणालं, "आता कोणीतरी कासव व्हा."