लेकाचा अंगठा

जपानातल्या एका गावात ओसेन नावाची म्हातारी कुंभारीण राहायची. एकदा गडाचे सरदार तिच्याकडे चहाला आले. रीतीप्रमाणे तिने वाडग्याची दर्शनी बाजू पाहुण्याकडे करून चहा पुढे ठेवला. त्या बाजूवर अंगठ्याचा ठसा होता. सरदारांना वाडगा फारच आवडला; आणि आवडलेली वस्तू मागायची त्यांना सवय नव्हती.

"म्हातारे, हुबेहूब असाच दुसरा घडव. नाही जमलं, तर हाच नेईन."

"घडवते की, सरकार! माती तीच आहे, भट्टीही तीच आहे. अंगठा मात्र माझ्या लेकाचा. त्याला तुम्ही लढाईला नेलंत. त्याला परत पाठवा, लगेच घडवते."

सरदारांनी वाडगा खाली ठेवला, ठसा आईकडे फिरवला आणि मान खाली घालून ते निघून गेले.