बैल रुतला म्हणा

फार जुनी गोष्ट आहे. किती जुनी ते मला विचारू नका, ज्यांनी मला सांगितली त्यांनाही ते ठाऊक नव्हतं. खाडीकाठी एक गाव होतं आणि गावात घाण्यावर तेल गाळणारे यहुदी राहत होते. त्यांची घरं, घाणे, गोठे आणि प्रार्थनेचं घर, सगळं एकाच दगडी गडग्याच्या आत. शुक्रवारी सूर्य कलला की घाणे थांबायचे, ते शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत. माणसं विसावा घ्यायची आणि बैलांच्या डोळ्यांवरची झापडंही उतरायची. आसपासचे लोक त्यांना शनिवारचे तेली म्हणत.

शनिवारी काम करायचं नाही, एवढं त्यांना पक्कं माहीत होतं. पण का करायचं नाही, किती करायचं नाही आणि अडलं-नडलं तर काय करायचं, हे एका जाडजूड पोथीत होतं. पोथी हिब्रू भाषेत, आणि ती हसाजी मुकादमाच्या ताब्यात. हसाजी म्हणजे गावाचा वडीलधारा. माणूस सरळ, पण पोथीला कोणी बोट लावलेलं त्याला खपायचं नाही. कोणी शंका घेऊन आलं की तो पानं उलटायचा, आणि सापडलं नाही की म्हणायचा, "नको करू. न केलेलं बरं." त्यामुळे त्या गावात न करायच्या गोष्टी दरवर्षी वाढतच चालल्या होत्या. बिचारे लोक शनिवारी शिंकायलाही घाबरायचे, असं म्हणतात. थोडं मीठ-मसाला लावून म्हणत असतील, पण फार नाही.

अशा त्या गावात एक रब्बी राहायला आला. रब्बी म्हणजे यहुद्यांचं धर्मशास्त्र शिकलेला गुरू. अंगाने काटकुळा, जेवणाची आठवण दुसऱ्याने करून द्यावी लागे असा. पण लोकांचे घाबरे चेहरे लगेच त्याच्या नजरेत आले. त्याला वाईट वाटलं. ज्या शास्त्राने माणसाला आठवड्यातून एक दिवस सुखाचा दिला, त्याच शास्त्राची लोकांनी धास्ती घ्यावी, हे काही बरं नाही, असं त्याच्या मनाने घेतलं. त्याने एक कोरी वही घेतली आणि पोथीतलं शास्त्र मराठीत लिहायला बसला.

पहिलं पान झालं तसा तो ते घेऊन मिल्काबाईच्या घाण्यावर गेला. मिल्काबाई विधवा. तिच्याजवळ एक घाणा आणि एकच बैल, शेंदऱ्या. वासरू असल्यापासून तिने त्याला हाताने घास भरवून वाढवलेलं. तो फिरेल तेव्हा तिची चूल पेटणार, असा हिशोब होता. रब्बीने घसा साफ करून वाचलं, "पशू गर्तेत पतन पावल्यास..."

"कोण पावलं?" मिल्काबाईने विचारलं.

"पशू."

"पावला? मग चांगलंच झालं की."

रब्बी गोंधळला. "मावशी, पावला म्हणजे प्रसन्न झाला नव्हे हो. पतन पावला. म्हणजे खड्ड्यात पडला, चिखलात अडकला, निघता येईना."

"असं होय. मग बैल रुतला म्हणा की सरळ," मिल्काबाई म्हणाली आणि पुन्हा खोबरं घाण्यात लोटू लागली.

दुसरा कोणी रागावला असता. रब्बीने तिथेच पान खोडलं आणि लिहिलं, 'बैल रुतला तर'. मग तो सबंध हिवाळाभर पेंडीच्या पोत्यावर बसून एकेक ओळ वाचत राहिला. घाणा कुरकुरत फिरायचा, शेंदऱ्या त्याच्याभोवती चालायचा आणि मिल्काबाई शब्द बदलून द्यायची. शेजारणी तेलाला आल्या की त्याही थांबायच्या. एकीला एक शब्द पटायचा नाही, दुसरी तिसराच सुचवायची, आणि रब्बी हसत हसत खोडायचा. कोणाला कळतही नव्हतं की आपण धर्मशास्त्र शिकतोय.

ही गोष्ट हसाजीच्या कानावर गेली. त्याने वही मागवून घेतली, चाळली आणि नाकाशी नेली.

"परमेश्वराचं शास्त्र, आणि त्याला पेंडीचा वास?" तो म्हणाला. "रब्बी, तुम्ही शिकलेले, तुम्हाला मी काय सांगावं. पण असं चुलीपुढच्या भाषेत उतरलं तर उद्या शास्त्राचा मान कोण ठेवील?" त्याने वही पेटीत टाकून कुलूप लावलं. अमावस्येला पंच बसतील आणि वही पुरून टाकायची की काय ते ठरवतील, असं सांगितलं; शास्त्राचं लिखाण जाळत नाहीत, पुरतात. रब्बी घरी आला आणि दोन दिवस जेवला नाही, आणि या वेळी ते विसरल्यामुळे नव्हतं.

त्यानंतरचा शनिवार. सकाळची प्रार्थना नुकतीच आटोपली होती. झापड उतरलेला शेंदऱ्या आवारात मोकळा हिंडत होता. आठवड्यातून एकदाच चारी बाजू दिसायच्या, मग काय, साहेब बघत बघत निघाले ते थेट आवाराच्या टोकाला. तिथे खाडीचं पाणी आत येणारा एक खोल चर होता. शेंदऱ्याचा पाय घसरला आणि तो पोटापर्यंत चिखलात गेला. भरती लागलेलीच होती.

शेजारची शेगुलाबाई धावत प्रार्थनाघरात आली. "मुकादम, मिल्काबाईचा बैल चरात रुतलाय. पाणी चढतंय. काढायचा की नाही, सांगा."

सगळे हसाजीकडे बघू लागले. रब्बी पुढे झाला. "काढता येतो. प्राण्याचे हाल थांबवायला शास्त्राची परवानगी आहे. माझ्या शब्दावर जा."

"शब्दावर नाही, पोथीत दाखवा," हसाजी म्हणाला. त्याचाही चेहरा उतरला होता, बैल वाचायला त्यालाही हवाच होता. पण चाळीस वर्षांत त्याने पोथीत बघितल्याशिवाय होय म्हटलेलं नव्हतं.

रब्बीने पोथी उघडली. जागा त्याला ठाऊक होती, पण खाडीच्या दमट हवेने पानं एकमेकांना चिकटली होती. ओढावं तर फाटतील. तो नखाने एकेक पान सोडवू लागला. इथे मी शब्द शोधतोय आणि तिथे त्या बाईचं सगळं जगणं बुडतंय, असं त्याला वाटलं. वाट बघत उभी असलेली शेगुलाबाई केव्हा निघून गेली तेही त्याला कळलं नाही. शेवटी पान सुटलं. हसाजीने ओळीवर बोट ठेवून दोनदा वाचलं आणि म्हणाला, "चला."

दोघे चरापाशी पोचले आणि थांबलेच.

आवारातल्या सगळ्या बायका तिथे होत्या. कोणी उशी आणत होती, कोणी गोधडी, कोणी लेकराच्या अंगाखालचं दुपटं. मिल्काबाई कमरेइतक्या पाण्यात उभी राहून एकेक वस्तू शेंदऱ्याच्या खुरांपुढे चिखलात दाबत होती. बैलाला कोणी ओढत नव्हतं. पुढचे दोन्ही पाय उशा-गोधड्यांवर आले होते, मागचे अजून आत होते.

"कोणाला विचारून हे?" हसाजीने विचारलं.

मिल्काबाईने मान वर केली नाही. "शास्त्रालाच विचारलं, मुकादम. बैल रुतला तर गादी-उशी आणा, पायाखाली सारा, चढला तर चढू द्या. असंच आहे ना?"

हसाजीने आत्ताच बोट ठेवलेल्या हिब्रू ओळीचा अर्थ नेमका हाच होता. "वही तर माझ्या पेटीत आहे," तो म्हणाला. "आणि तुला वाचता येत नाही."

"वाचायला कशाला हवं? रुतला हा शब्द माझाच आहे. माझा शब्द मी विसरेन होय?" मग तिने वर पाहिलं. तिचे डोळे भरून आले होते. "पण आता उशा संपल्या हो. अजून एक पायरी हवी."

हसाजी तसाच मागे वळला. रब्बीला वाटलं, म्हातारा रागावला. हसाजी प्रार्थनाघरात गेला आणि आपली बसायची जाड गादी काखेत मारून परत आला. चाळीस वर्षं त्या गादीवर दुसरं कोणी बसलेलं नव्हतं. त्याने ती स्वतःच्या हाताने शेंदऱ्याच्या मागच्या पायापुढे सारली. शेंदऱ्याने एकदा फुरफुर केली, गादीवर खूर रोवला आणि धडपडत काठावर आला. आल्या आल्या त्याने अंग झाडलं आणि मुकादमाला आपादमस्तक चिखलाने रंगवलं. बायका तोंडाला पदर लावून हसल्या, आणि मग हसाजीही हसला.

रब्बी एका बाजूला उभा होता. त्या दिवशी त्याला कोणी काहीच विचारलं नाही. इतका आनंद त्याला आयुष्यात झाला नव्हता.

आकाशात चांदण्या दिसल्या, विसावा संपला, तशी हसाजीने पेटीची किल्ली रब्बीच्या हातावर ठेवली. "वही घेऊन जा," तो म्हणाला. "आणि मिल्काबाईला म्हणावं, रब्बी पुढची पानं वाचतील तेव्हा बसायला एक पोतं माझ्यासाठीही ठेव." गादी त्याने धुतली, पण चिखलाचा डाग गेला नाही. लोक म्हणाले, नवी शिवून घ्या. तो शेवटपर्यंत त्याच गादीवर बसला.

तात्पर्य: शास्त्र कुलपात ठेवून त्याचा मान राहत नाही, ते साध्या माणसाला त्याच्या स्वतःच्या शब्दांत मिळालं, तरच अडल्या वेळी हाताशी येतं.